सावळ्या चेहऱ्यासाठी कागद: ३०० जीएसएम कॉटन पेपरवर केलेलं आत्याचं पोर्ट्रेट

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. आपल्या माणसाचं जलरंगात पोर्ट्रेट करून द्यायचं मनात असेल, तर पैसे आधी कागदात घाला. रंग नंतर, ब्रश त्याहून नंतर. मी आर्शचा ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत पृष्ठभागाचा) कागद वापरला, शंभर टक्के कॉटनचा. आपल्याकडे दुकानात सगळे त्याला 'आर्चेस' म्हणतात, तसाच मागा. या कागदाशिवाय हे चित्र माझ्या हातून पुरं झालं नसतं, आणि ते का, हे नीट सांगायचं तर आत्यापासून सुरुवात करावी लागेल.

आत्याचं सहस्रचंद्रदर्शन सप्टेंबरमध्ये होतं. ती ठाण्यात नौपाड्याला राहते, आम्ही वर्तकनगरला. माझी आई व्हीटीला नोकरीला जायची, त्यामुळे पहिली ते दहावी मी शाळा सुटली की थेट आत्याकडे. तिने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पहाटेची ड्यूटी करून आलेली असली तरी माझ्यासाठी दुपारचा भात ताजाच लावायची. कार्यक्रमाला शाल, साडी, चांदीचं निरांजन बाकीचे देणारच होते. मला तिचं चित्र द्यायचं होतं.

खरं तर स्वतः काढायचं धाडस आधी नव्हतं. मे महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडे फोटो पाठवून 'वॉटरकलर पोर्ट्रेट' मागवलं. आठवड्यात घरपोच आलं, पॅकिंग उत्तम होतं. उघडलं आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. आत्या गोरी झाली होती. गाल गुलाबी, कपाळ जवळजवळ पांढरं, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणाऱ्या दोन रेघा पुसून टाकलेल्या. मी लिहून विचारलं, तर 'ब्राइट केल्यावर चेहरा छान येतो' असं उत्तर आलं. आत्या सावळी आहे. 'जरा उजळ असतीस तर' हे वाक्य तिने तरुणपणी किती घरांतून ऐकलंय ते मला माहीत आहे. तेच वाक्य ८१व्या वर्षी फ्रेम करून मी तिच्या हातात देणार नव्हते. ते चित्र कपाटात गेलं, आणि त्याच रात्री मी जुना रंगांचा डबा बाहेर काढला.

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमीजिएटला ए ग्रेड. पुढे पतपेढीत हिशेबाच्या कामाला लागले. कधीमधी रविवारी उपवन तलावावर बसून निसर्गचित्रं करते, पण चेहरा कधी केला नव्हता.

पहिला प्रयत्न गोखले रोडवर मिळालेल्या साध्या ड्रॉइंग पॅडवर केला. पहिला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, सुंदर बसला. दुसरा चालला. तिसऱ्याला गालावरचा कागदच सुटायला लागला, ब्रशबरोबर बारीक गोळ्या निघाल्या आणि तिथे रंग शाईसारखा आत ओढला गेला. मला वाटलं माझा हात जड पडतोय. दोन वेळा पुन्हा केलं. दोन्ही वेळा तिसऱ्या थराला तेच.

इथेच मला कळलं की सावळा रंग एका थरात येत नाही. गोऱ्या चेहऱ्याला दोन पातळ वॉश आणि थोडी सावली पुरते, आणि इंटरनेटवरचे बहुतेक धडे तेवढ्यावरच थांबतात. सावळ्या चेहऱ्यात ऊब असते, खोली असते, वर एक गार झाक असते. एकदमच घट्ट रंग कालवून लावला तर चेहरा मातीच्या मडक्यासारखा निर्जीव दिसतो. पातळ थर एकावर एक चढवत जावं लागतं आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा लागतो. आत्याच्या गालावर शेवटी सहा थर झाले. सहा थर सोसणारा कागद हवा, प्रश्न तेवढाच होता.

साध्या पॅडचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्याला खळ कमी असते. खळ म्हणजे साडीला घालतो तीच कल्पना. कागदाला खळ नसेल तर तो टीपकागदासारखा पाणी पिऊन टाकतो. आर्शच्या कागदात कापसाचे चिवट तंतू असतात आणि जिलेटिनची खळ वरून आतपर्यंत मुरवलेली असते. त्यामुळे रंग काही वेळ वरच थांबतो, त्याला ढकलता येतं, चुकला तर ओल्या ब्रशने उचलता येतो. पूर्व फ्रान्समधल्या आर्शच्या गिरणीत १४९२पासून कागद बनतोय. बोटांखाली तो कागद घेतला की जाड, किंचित खरखरीत, धुतलेल्या खादीसारखा लागतो.

ठाण्यात मी विचारलं त्या दुकानांत तो सुटा मिळाला नाही. जुलैच्या एका शनिवारी अर्धी रजा टाकून फोर्टमध्ये गेले. एक पूर्ण कागद २२ बाय ३० इंचांचा, मला हजाराला थोडा कमी पडला. दुकानातल्या काकांनी गुंडाळून देऊ का विचारलं. मी नको म्हटल्यावर त्यांनी पोलादी पट्टी धरून त्याचे चार समान तुकडे फाडून दिले, ११ बाय १५चे. कात्री लावली नाही, त्यामुळे कडा मऊ राहिल्या. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, वर प्लास्टिक गुंडाळून मी सीएसएमटीहून फास्ट लोकल पकडली. बाहेर धो धो पाऊस. लेडीज डब्यात एका बाईंनी काय आहे विचारलं. सांगितल्यावर रॅकवरची आपली डब्याची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि पुठ्ठे आडवे ठेवायला जागा केली. घाटकोपरला उतरताना मागे वळून म्हणाल्या, "आत्याबाईंना भिजू देऊ नका." त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं, अजून चुटपुट लागते.

आता जिलेटिनचं. कागद पाच मिनिटं पाण्यात भिजवला तेव्हा जनावराच्या कातड्यासारखा मंद वास आला आणि मी शोधाशोध केली. जिलेटिन प्राणिज असतं. आमची आत्या कडक शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. कागद घेऊन झाला होता, हातात दिवस कमी होते, आणि मी पुढे गेले. पण हे तिला सांगायचं, लपवायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं. तुमच्या घरी असा विचार असेल तर खरेदीआधीच लक्षात घ्या. इटलीच्या फाब्रियानोचा 'आर्टिस्टिको' हाही शंभर टक्के कॉटनचा कागद आहे आणि त्यात प्राणिज खळ नसते.

पावसाळ्यात ठाण्यात जलरंग करायचे तर हवेशी जुळवून घ्यावं लागतं. मे महिन्यात दहा मिनिटांत वाळणारा वॉश जुलैत पाऊण तास ओला राहतो. वरचा भाग वाळलेला दिसतो. हाताची मागची बाजू हलकेच टेकवली आणि गार लागलं की समजायचं, आत अजून ओल आहे. घाईने मी दुसऱ्या तुकड्यावर हेअर ड्रायर मारला, तर ओल्या रंगात पाणी मागे सरकलं आणि डाव्या गालावर फुलकोबीसारखा डाग उमटला. उरलेले तुकडे मी प्लास्टिकच्या पिशवीत, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीपासून लांब ठेवले. ओल लागलेल्या कागदाची खळ ठिकठिकाणी सुटते. ते बघून कळत नाही, रंग लावल्यावर गडद ठिपके दिसायला लागले की कळतं, आणि तोवर चेहरा अर्धा झालेला असतो.

आता रंग. एकच आग्रह: सेटमध्ये 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब आली असेल तर ती बाजूला ठेवा. त्यात पांढरा मिसळलेला असतो, रंग अपारदर्शक होतो आणि ती गुलाबी कातडी आपल्याकडे कुणाचीच नाही. मी पाच ट्यूब वापरल्या. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) कॅमलच्या आर्टिस्ट मालिकेतल्या. दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेली ही कंपनी, शाळेच्या कंपासपेटीपासून माझ्याबरोबर आहे आणि या चार रंगांत तिने मला पूर्ण साथ दिली. ट्यूब घेताना 'स्टुडंट' आणि 'आर्टिस्ट' हा फरक मात्र बघून घ्या. आर्टिस्टमध्ये रंगद्रव्य जास्त असतं, थेंबभर पुरतं. पाचवा परमनंट रोझ, विन्सर अँड न्यूटनचा, महाग पण अख्ख्या चित्राला वाटाण्याएवढा लागला.

परमनंट रोझच का, तर आमच्या गॅलरीच्या खिडकीमुळे. गॅलरी पश्चिमेला आहे. मागच्या दिवाळीपासून तिथे मी कागदाची एक पट्टी लावून ठेवली होती, प्रत्येक रंगाचा एक पट्टा, अर्धा काळ्या कागदाने झाकलेला. जूनमध्ये काढून पाहिली. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन जसेच्या तसे. जुन्या डब्यातल्या अलिझरिन क्रिमझन या गडद लाल रंगाचा उघडा भाग मात्र फिका पडून चहाच्या डागासारखा झाला होता. हा रंग उन्हाला टिकत नाही हे जाणकारांना माहीत आहे. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३ लिहिलेला असेल तर तोच. परमनंट रोझमध्ये पीव्ही १९ असतं, ते टिकाऊ आहे. भेट द्यायच्या चित्रात ही काळजी घ्यायलाच हवी. आत्याच्या ओठांचा रंग चार-पाच वर्षांत उडून गेलेला मला चालला नसता.

काढायला बसण्याआधी फोटोबद्दल. मी तिचा फोटो मे महिन्यातच, दुपारी चारला, ती खिडकीशी मेथी निवडत असताना काढला होता. फ्लॅश नाही, उजेड एका बाजूने. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोवरून पोर्ट्रेट करू नका, चेहऱ्याची सगळी उंची-खोली सपाट होते. झेरॉक्सच्या दुकानातून तो चित्राच्या मापाचा मोठा करून घेतला, पाठीमागे ४बी पेन्सिल घासली आणि रेषा कागदावर उतरवल्या. याला काही जण कमीपणाचं मानतात. मला ते पटत नाही. भेटीच्या चित्रात माणूस ओळखू आला पाहिजे, आणि शिवाय कागदावर खोडत बसलं की खोडरबराने खळ दुखावते, पुढे तिथेच रंग डागाळतो.

पहिल्या थरात यलो ऑकर आणि चिमूटभर रोझ, अगदी पातळ, सगळ्या चेहऱ्यावर. चष्म्याच्या काचेवरची चमक तेवढी कोरी ठेवली. मग बर्न्ट सिएना. मग हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत आणि मानेवर सिएना आणि अल्ट्रामरीनचं मिश्रण. काळा रंग कुठेच नाही, अगदी बुबुळातही नाही. आणि कपाळाच्या खिडकीकडच्या बाजूला शेवटी अल्ट्रामरीनचा श्वासाइतका हलका हात. फोटो निरखून पाहिला तेव्हाच ते मला दिसलं होतं: सावळ्या कपाळावर बाहेरचं आकाश उतरतं, तिथला उजेड निळसर असतो. ती निळी झाक ठेवल्याबरोबर कपाळ वळलं, चेहरा जिवंत झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पहिल्या तुकड्यावर हे जमलं नव्हतं, कारण मी घाबरत होते. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना हवा त्याहून गडद लावावा लागतो, आणि गडद लावताना हात आखडत होता. वाळल्यावर पाहिलं तर आत्या पुन्हा उजळलेली. ज्याच्यावर मी रागावले होते तेच मी स्वतः केलं होतं. तिसऱ्या तुकड्यावर मनाशी म्हटलं, आत्या, तू जशी आहेस तशीच येऊ दे.

साडीने मला सगळ्यात जास्त आनंद दिला. आत्या पांढरी, बारीक काठाची सुती साडी नेसते, घरी धुऊन, खळ घालून, पूर्वी शेवटच्या पाण्यात पुडीतली नीळ कालवायची. ती पुडीतली नीळ आणि ट्यूबमधला अल्ट्रामरीन मुळात एकच रंगद्रव्य. कधीकाळी ते अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडातून काढत, सोन्याच्या भावात; १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये ते कारखान्यात करायची रीत सापडली आणि मग ते धुण्याच्या बादलीपर्यंत पोचलं. पांढऱ्या साडीच्या घड्यांत मी अल्ट्रामरीन पाण्यात खूप पातळ करून सोडला. हा रंग दाणेदार बसतो, कोल्ड प्रेस्ड कागदाच्या बारीक खळग्यांत त्याचे कण उतरतात, आणि वाळल्यावर सुती कापडाचा पोत आपोआप दिसतो. हे साध्या कागदावर झालं नसतं. आत्याची न्हाणीघरातली बादली, त्यात फिरणारा निळा ढग, लहानपणी मी तो बघत उकिडवी बसायचे, ते सगळं ब्रश धुताना पुन्हा समोर आलं.

केस पांढरे, म्हणून ते रंगवले नाहीत. भोवतीची भिंत करडी केली आणि केसांच्या जागी कागद तसाच राखला, वर दोन-तीन बारीक बटा दोन नंबरच्या ब्रशने. बाकी सगळं काम आठ नंबरच्या गोल सिंथेटिक ब्रशने झालं. ब्रशवर जास्त लिहिण्यासारखं नाही. टोक नीट जुळत असलं की पुरे.

आत्याच्या हॉलमध्ये हातात समई धरलेल्या बाईची एक जुनी छापील तसबीर होती. घरात सगळे तिला रविवर्म्याचं चित्र म्हणायचे. मोठेपणी मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये मूळ चित्र पाहिलं तेव्हा समजलं, ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, तेही जलरंगातलं, आणि समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. बोटांच्या कडांतून झिरपणारा तो उजेड जलरंगात आणलाय यावर विश्वास बसत नाही. महिनाभर रात्री जेवणं आटोपल्यावर बोर्ड घेऊन बसताना मी अनेकदा त्या चित्राचा विचार केला. घरच्याच माणसाला इतका वेळ निरखून बघायला मिळणं, हेच केवढं आहे. आत्याच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे, हे चाळीस वर्षांत मला पहिल्यांदा दिसलं.

फ्रेमचं सांगायलाच हवं, कारण तिथे चित्र बिघडू शकतं. पहिल्या दुकानात 'लॅमिनेट करून देतो, पाणी लागणार नाही' म्हणाले. जलरंगाचं लॅमिनेशन कधीही करू देऊ नका, ते परत सुटत नाही. दुसरे फ्रेमवाले राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत आहेत, वयस्कर गृहस्थ. त्यांनी चित्र हातात घेण्याआधी हात पुसले. काच चित्राला टेकू नये म्हणून जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), तोही ॲसिड-फ्री, आणि मागून बंद करायच्या आधी दोन दिवस कोरड्या जागी ठेवायला सांगितलं, कारण पावसात अडकलेली ओल काचेच्या आत बुरशी धरते. साधी सागवानी पट्टी, सोनेरी काही नाही. आठ दिवस लागले, एक दिवसही उशीर नाही. कागद, रोझची ट्यूब, फ्रेम धरून साडेतीन हजारांच्या आसपास खर्च झाला.

कार्यक्रमात सगळ्यांसमोर द्यायचं मी टाळलं. पाहुणे गेल्यावर, ती पलंगावर टेकल्यावर दिलं. तिने चष्मा काढून पुसला, परत लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मग काचेवर बोट ठेवून म्हणाली, "भुवईवरची खूण काढलीस. विहिरीवर पडले होते, सात वर्षांची असताना." पुढे म्हणाली, "रंग माझाच आहे गं."

मग मी जिलेटिनचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, थोडा विचार केला. "देवघराच्या भिंतीवर नको मग. हॉलमध्ये लाव." हॉलची पश्चिमेची भिंत मी नको म्हटली, तिथे दुपारचं ऊन येतं. उरली ती कालनिर्णयची भिंत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला: कालनिर्णय तिने स्वयंपाकघरात नेलंय, खिळा तोच आहे, पण चित्राला जरा खाली पडतो, तर येताना हातोडी घेऊन ये.